द्वारकाबाईंनी दरबारास काळा ठिपका दाखविला, ते वर्तमान

श्रीसूर्यनारायण, ज्याच्या उजेडावाचून कोणाचेही मुख फोटोत उतरत नाही, त्यास दंडवत घालून लिहिणार लिहितो. शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी एके थोर राज्यी हे वर्तमान जाहले. राज्याचे नाव लिहावे तर त्यांचे पदरी वकील फार, म्हणोन लिहीत नाही. ते राज्य कॅमेरे करीत असे, आणि कॅमेरे घेणारे लोक ती त्याची रयत. आदले साली त्यांचे नवे यंत्र निघाले, त्याचे पोटातील पडदा उघडमीट करता करता तेलाचे शिंतोडे उडवू लागला आणि दर फोटोत डावे अंगास वरती मसुरीएवढा काळा ठिपका येऊ लागला. हे वाड्यात सर्वांस ठाऊक. कारागिरांनी कारभारी त्रिंबकपंतांस सांगितले, पंतांनी ऐकिले आणि ऐकून पान खाल्ले. रयतेस जाब एकच जाई की, "दोष तुमच्या हाताचा."

कसबे पिंपरखेड येथे द्वारकाबाई कासार म्हणोन लग्नकार्याचे फोटो काढणाऱ्या बाई होत्या. वीस वर्षांचे नाव, ते हे यंत्र घेतल्यापासून या ठिपक्याने जाऊ लागले. पोपटराव सोनवणे यांच्या थोरल्या कन्येच्या लग्नात ठिपका नेमका व्याह्यांच्या कपाळी बसला आणि मग पोपटराव बोलिले, "बाई, तुमचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. धाकटीच्या लग्नाला दुसरा माणूस बघतो." बाई घरी येऊन रडल्या. आणि त्या दिवसापासून संगणकावर ठिपका पुसल्याखेरीज एकही फोटो घराबाहेर जाऊ देत ना. मग बाईंनी गावोगावचे फोटोवाले जमवून त्या राज्याच्या सरकारास अर्ज केला, तेव्हा पंतांनी पुराव्यादाखल फोटो मागविले. येथे मौज जाहली. डागी फोटो परक्यापुढे ठेवणे या लोकांस जन्मात ठाऊक नाही, म्हणोन साऱ्यांनी निवडक फोटो काढिले, सवयीने ठिपके पुसले, आणि पाठविले. पंत बोलिले, "दोनशे फोटो आले, सारे आरशासारखे. दोष कुठे आहे?" आणि अर्ज फेटाळिला. ते ऐकून बाईंनी कपाळावर हात मारिला, मग आपल्याच वेडेपणास हसल्या, आणि कॅमेरा गळ्यात घालून खुद्द दरबारी गेल्या.

तेथे म्हणाल्या, "आज्ञा व्हावी, दरबाराचा एक फोटो काढते." फोटो म्हणता मानकरी मंडळी पगड्या सावरू लागली, कोणी कोठे उभे राहावे यावरून दोन घटका तंटा जाहला, आणि पंत उंच म्हणोन मागील रांगेत डावीकडे गेले. बाईंनी फोटो काढून तेथेच छापिला आणि न पुसता खासे सरकारांपुढे ठेविला. ठिपका पंतांच्या नाकावर. पंत हळूच बोलिले, "बाई, एवढं पुसून द्या." बाई बोलिल्या, "देते की. पण दोष कोणाचा पुसते आहे, ते आधी लिहून द्या." सरकार हसले, मग हसू आवरून कारागिरांस पुसते जाहले, तेव्हा एक म्हातारा कारागीर बोलिला, "सालभर ठाऊक आहे, महाराज." मग बाई बोलिल्या, "यंत्र माणसानं केलेलं, बिघडायचंच. त्याचा राग नाही. तुम्हांला कळलं तेव्हा आम्हांला सांगाल, एवढीच आशा होती. आम्ही आमच्या हाताला दोष देत बसलो."

मग सरकारांनी फर्माविले की, हमीची मुदत सरली असो वा नसो, प्रत्येक यंत्राचा पडदा बदलून द्यावा, आणि प्रत्येकास पत्र जावे की, "दोष आमच्या यंत्राचा, तुमच्या हाताचा नव्हे." बाई ते पत्र घेऊन थेट पोपटरावांकडे गेल्या. त्यांनी दोनदा वाचिले आणि मान खाली घालून बोलिले, "चुकलो, बाई. धाकटीचं फाल्गुनात आहे. फोटोला अजून कोणाला सांगितलेलं नाही." बाईंनी तिथी विचारून घेतली.

इतका मजकूर. दोष कबूल करिता राज्याची अब्रू जाईल, ऐसे पंत शेवटपर्यंत म्हणत होते. ती गेली नाही. पुढील साली नवा कॅमेरा निघाला, तेव्हा दारी रांग लागली, आणि रांगेत पहिल्या द्वारकाबाई होत्या.