मागच्या जिन्यावरचा माणूस

दर शुक्रवारी सिनेमा दाखवायला मीटिंग रूम मिळाली नाही ती नाहीच. तिथे आता फोटोकॉपीचं मशीन बसलंय. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा आपला सबटायटल रिमोट हातात घेऊन जग जिंकल्यासारखा उभा होता!

सबटायटल हे त्याचं ऑफिसातलं नाव. कुरिअर कंपनीच्या डिस्पॅचमध्ये तो दिवसभर पार्सलांना लेबलं चिकटवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत दिसेल त्याला आशियाई सिनेमा समजावून सांगायचा. इराणी सिनेमातली मुलं, कोरियन सिनेमातली भांडणं, जपानी सिनेमातले गप्प बसलेले वडील! त्यांच्याबद्दल तो इतक्या मायेने बोलायचा, की ही सगळी त्याच्या आजोळची माणसं वाटावीत. लोक मात्र कठोर. त्याच्या सिनेमांना मध्यंतर कधी लागलंच नाही, प्रेक्षक त्याआधीच घरी पोचलेले असायचे.

म्हणून साहेबांनी अट घातली होती. "आज लोक शेवटपर्यंत बसले तर दर शुक्रवारी रूम तुझी. नाहीतर इथे मशीन येणार. मीही येतो बघायला."

"आज बघाच!" सबटायटल गरजला. "एका एकाकी माणसाची गोष्ट! सुरुवातीला कितीतरी वेळ नुसता जिना दिसतो!"

"नुसता जिना?" कॅशियर काका दचकले.

"जिना म्हणजे काय काका, आयुष्य!"

हा सिनेमा त्याने स्वतः दोनदा लावला होता आणि दोन्ही वेळा जिन्यातच त्याचा डोळा लागला होता. त्यामुळे रिमोटचं भलतंच बटण दाबलं जाऊन टीव्हीवर ऑफिसच्या मागच्या जिन्याचा सीसीटीव्ही लागला, तेव्हा त्याला तसूभरही शंका आली नाही. कृष्णधवल जिना. वरून घेतलेला. ढिम्म हलत नाही. अगदी तोच!

"आवाज येत नाहीये रे," रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या.

"मौन आहे ते, ताई."

"आणि खालच्या ओळी?"

"एकटेपणाला कसल्या ओळी!"

काका पुढे झुकले. "ती बादली आपली वाटते."

"बघा! थोर सिनेमातली बादली प्रत्येकाला आपलीच वाटते!"

एवढ्यात पडद्यावर एक टक्कल आलं आणि पायरीवर बसलं. हातात चहाचा कप. त्याने बिस्किट बुडवलं, वर काढलं, तर अर्धंच वर आलं.

"अरेरे!" अख्खी रूम कळवळली.

माणूस कपात बघत राहिला. बोट घालून शोधलं. सापडलं नाही. मग घड्याळ बघून त्याने खांदे पाडले.

"घरी वाट बघणारं कुणी नसेल हो," ताईंनी रुमाल काढला.

"बायको असेल. बोलत नसेल," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला कळतं ते."

सबटायटलने प्रेक्षकांवरून नजर फिरवली. पहिल्यांदाच कुणाचीही नजर दाराकडे नव्हती. रूम आपली झाली!

माणूस उठला, पायऱ्या चढून दिसेनासा झाला. आणि दार उघडून साहेब आत आले. हातात कप!

"संपला? मी मागेच बसलो होतो हं! सगळा पाहिला. जरा संथ आहे."

सिनेमा टाळायला साहेब जिन्यात लपले होते, हे एकेकाच्या ध्यानात येत होतं. ताई तेवढ्या अजून सिनेमातच होत्या.

"साहेब, बिस्किट बुडालं ना, तेव्हा आतून तुटलं हो! इतकं चांगलं काम करता, कधी बोलला नाहीत!"

साहेबांनी कपाकडे पाहिलं. टीव्हीवरच्या बादलीकडे पाहिलं. कृष्णधवल टक्कल बघता बघता रंगीत झालं.

"पण साहेब, लोक शेवटपर्यंत बसले!" सबटायटल काकुळतीला आला.

"मशीन उद्याच आणा!" साहेब म्हणाले.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर अर्ज होता. खाली सगळ्या प्रेक्षकांच्या सह्या.

"विषय: आपल्या एकटेपणाबाबत. महोदय, प्रेक्षकांच्या आग्रहास्तव आपण दर शुक्रवारी मागच्या जिन्यात बसावे. बिस्किटे मंडळ पुरवील. अभिनय करू नये, आहात तसेच दुःखी राहावे. कॅमेऱ्याकडे मात्र पाहू नये, ही नम्र विनंती."