भिंत चाखणारा तातू

आमच्या वाडीतला तातू भिंती चाखतो.

जीभ लावून नव्हे, तेवढी लाज अजून शिल्लक आहे. बोट ओलं करून भिंतीवर घासतो, ते जिभेवर ठेवतो, डोळे मिटतो आणि कढीतलं मीठ सांगावं तसं सांगतो, "सदर भिंतीत खार आहे." आमच्या स्वयंपाकघरात त्याने हा प्रकार केला तेव्हा माझी बायको म्हणाली, भावजींची जीभ किती तयार आहे. तीस वर्षं मी तिच्या हातचं जेवतोय, माझ्या जिभेबद्दल असं एक अक्षर तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

तातू मूळचा पोस्टमन. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर मुलाकडे मुंबईला जाऊन आठ दिवसांत कंटाळून परत येतात. तातूला मूलबाळ नाही आणि गळाही नाही. त्याने मोबाइलवर शिकवणी लावली. धंद्याचं नाव, घर-तपासनीस. म्हणजे कोणी घर विकत घेणार असेल तर त्याने आधी तातूला बोलवायचं, तातूने छपरापासून न्हाणीपर्यंत सगळं तपासून दोषांचा अहवाल द्यायचा. पुण्याची कुठलीशी संस्था हे शिकवते. सरावाचे दहा अहवाल पाठवायचे, ते पास झाले की दाखला मिळतो.

आता मी कोण ते सांगतो. मी बाबी गवंडी. कट्टा गावापासून मालवणपर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, माझ्या हातची दोन-चार घरं तरी दिसतील. हातात ओळंबा धरून माझे केस पांढरे झाले. आणि तातूने गळ्यात ओळखपत्र अडकवलं, डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलं, की चार महिन्यांत त्याला लोक 'सर' म्हणायला लागले. मी जळत होतो. लपवून काय करू?

त्याची हत्यारं तरी काय? एक बॅटरी, लाद्या वाजवून बघायला एक रुपयाचं नाणं आणि एक काचेची गोटी. गोटी जमिनीवर ठेवायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. सरपंचांच्या नव्या घरात ती हॉलमधून निघाली, जेवणघर ओलांडून फ्रिजखाली गेली. सरपंचीणबाई वाकून काठीने गोटी काढत होत्या आणि तातू लिहीत होता, "सदर गोटी स्वेच्छेने गेली." अहवाल लिहायला बसला की तो आपली मालवणी उंबऱ्याबाहेर ठेवतो. सदर भिंत, सदर न्हाणी, सदर वहिनी.

मालवणात एका मुंबईकराने फ्लॅट बघायला त्याला नेलं, तेव्हा मीही बरोबर गेलो. गंमत बघायला, असं घरी सांगून. बिल्डरच्या माणसाने आधी सुरमईचं ताट दिलं. तातू पोटभर जेवला, हात धुतले, वर गेला आणि सतरा दोष काढले. मुंबईकर हात जोडून म्हणाला, सर, तुम्ही वाचवलंत. मग माझ्याकडे वळून म्हणाला, काका, ती बादली जरा बाजूला घेता का? मी घेतली. त्या बादलीवरून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो घरी येईस्तोवर थांबला नाही.

पण खरं दुखणं बादलीचं नव्हतं. दहापैकी नऊ अहवाल झाले होते. दहावं घर तातूने स्वतःचं ठरवलं होतं, आणि ते मी बांधलेलं.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भर पावसात काम चालू होतं आणि तातू रोज पोस्टातून आला की एकच विचारायचा, चतुर्थीपर्यंत होईल ना? गणपती नव्या घरातच बसला पाहिजे. नदीला पूर होता, नदीची वाळू मिळेना. मी खाडीची वाळू आणली. खाडीची वाळू विहिरीच्या पाण्याने तीनदा धुवावी लागते, हे आमच्यात कोणालाही ठाऊक असतं. मी एकदाही धुतली नाही. नेमकी ती गणपतीच्या मागच्या भिंतीच्या गिलाव्यात गेली. चतुर्थीला गणपती बसला, तातूच्या बायकोने, सुलूवहिनीने, त्या भिंतीसमोर उभं राहून आरती केली. शिमग्याच्या आधी ती गेली. आजारी होती हे माहीत होतं, इतकी होती हे नव्हतं.

तेव्हापासून ती भिंत पांढरी फुलते. दर चतुर्थीला तातू रंग देतो, दिवाळीपर्यंत त्याचे पोपडे पडतात. आणि दर वर्षी मी तोंड वर करून सांगतो, समुद्राचं वारं रे, त्याला कोण काय करणार? आता हा बोट घासणार, चाखणार, लिहिणार, आणि माझं नाव साऱ्या पंचक्रोशीत खारट होणार.

त्या दुपारी मी स्वतःच त्याच्याकडे गेलो. व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे म्हटलं. तातू हेल्मेट घालून त्या भिंतीसमोर खुर्चीवर बसला होता. गोटी खिशात, नाणं खिशात, मांडीवर मोबाइल. म्हणाला, अहवाल परत येऊन आठ दिवस झाले. दोष लिहिला, पण कारणाचा रकाना कोरा ठेवला म्हणून. तिथे तीनच पर्याय होते. साहित्य, कारागिरी, हवामान. एकावर बोट ठेवल्याशिवाय अहवाल पुढे जाईना, आणि दाखला अडकला होता.

सरपंचांना न सोडणारा हा माणूस माझ्यासाठी आठ दिवस कोरा रकाना घेऊन बसला होता. मला आधी लाज वाटली, मग त्या लाजेचा राग आला.

"कारागिरी लिही," मी म्हणालो. "खाडयेची वाळू ती. मिया धुवक नाय."

"माका म्हायत आसा," तातू म्हणाला. हेल्मेट काढून त्याने खाली ठेवलं. "पयल्याच वर्साक बोट लावन बघितलंय."

अठरा वर्षं. माझ्या समुद्राच्या वाऱ्याला तो दर वर्षी मान डोलवत होता.

"मगे बोललस कित्याक नाय?"

"काय बोलू? डॉक्टरान माका सांगलेला, ती शिमगो बघूची नाय. तुका मी सांगूक नाय, नुसती घाई केलंय. तू वाळू धुयत बसलो असतस, तर सुलूक नव्या घरातलो गणपती गावलो नसतो."

तातूने चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला आणि हवामानावर बोट ठेवलं. त्याच्या दहा अहवालांतली ती एकच खोटी नोंद असेल, आणि ती माझी होती.

दाखला पोस्टाने आला. वाडीने त्याला शाल घातली. खरं सांगतो, पोटात थोडं दुखलंच.

यंदा चतुर्थीच्या महिनाभर आधी मी थापी घेऊन त्याच्याकडे गेलो. भिंत विटेपर्यंत खरवडली. नदीची वाळू आणली होती, तरी त्याच्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा धुतली, माझ्या हाताने. तातू खुर्ची टाकून बघत बसला होता. शेवटी उठला, चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते उघडले नाहीत.

"गोडी आसा," म्हणाला. "आता सावकाश लाव रे बाबी. आता कोणाक घाई आसा?"