कोपराचं माप

उमरोळीची मंडळी निकमांचं घर बघायला आली, त्या संध्याकाळी निकम लिफ्टसमोर गुडघ्यांवर चालत होते. कपाळावर घाम, हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पाहुण्यांना घेऊन मी आत शिरतो तर हे ध्यान समोर! मुलीचे वडील हरिभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघायला लागलो.

"या, या," निकम खालूनच म्हणाले. "पहिलीतल्या पोराचा हात बटणाला पुरतो का, ते बघतोय. नाही पुरत. लाजिरवाणी गोष्ट आहे!"

लाजिरवाणी? अहो, लाजेनं मी तिथल्या तिथे अर्धा झालो होतो. कारण मध्यस्थ मी. निकमांचा संदीप आणि हरिभाऊंची प्राची एकाच औषध कंपनीत, एकाच शिफ्टच्या बसनं जाणारे. त्यांचं बसमध्येच जमलं होतं. माझी बायको उमरोळीची आणि निकम माझे शेजारी, म्हणून बोलणी करायचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. मोठ्यांनी चहा पिऊन हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. धास्ती एकच, मुलाचा बाप.

निकम मूळचे निफाडकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. भला माणूस, पण गप्प. रिटायर व्हायच्या थोडं आधी कंपनीनं दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं, डिझाइन थिंकिंगचं. बाकीच्यांनी समोसे खाल्ले आणि एसीत झोप काढली. निकमांनी दीक्षाच घेतली! सांगितलं होतं साधंच. वस्तू बनवण्याआधी ती वापरणाऱ्याकडे बघा, त्याला विचारा, मग कच्चा नमुना करून पाहा, फसला तर पुन्हा करा. त्याच सुमारास निकमवहिनी आजारी पडून गेल्या, आणि संदीप शिफ्टला गेला की घरात बोलायला कोणी नसलेला हा माणूस गावभर लोकांना प्रश्न विचारत सुटला.

सोसायटीत नवा बाक आणायचा ठरला. सेक्रेटरी रंग कुठला ते विचारतोय, तर निकम म्हणाले, "आधी सांगा, वापरणारा कोण?" दुसऱ्या दिवशी गेटजवळ पुठ्ठ्याचा बाक हजर, नमुना म्हणून. वर छान तपकिरी रंग. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि टेकल्या. काकूंना आम्ही चौघांनी उठवलं, बाक काही उठला नाही. निकम धावत आले ते हात द्यायला नव्हे. "काकू, नेमक्या कुठल्या बाजूला बसलात?"

बाजारातसुद्धा तेच. सुके बोंबील विकणाऱ्या मावशीच्या शेजारी उकिडवे बसून विचारायचे, "दिवसभर वाकून कंबर नेमकी कुठं दुखते?" ती म्हणाली, "भाऊ, तुमी बोंबील घेनार हाय का नाय?" मी शेजारी पिशवी घेऊन उभा. मी आणि ते एका घरचे नाही, हे लोकांना कसं सांगावं, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न.

तर ती घर बघायची संध्याकाळ कशीबशी निभावली, आणि उमरोळीला मुलगी बघायला जायच्या दिवशी मी निकमांकडून कबूल करून घेतलं. चिठ्ठ्या नाहीत, पुठ्ठा नाही, प्रश्न तर अजिबात नाहीत.

"एकच विचारू का?"

"नाही म्हणजे नाही, निकम. पोरांच्या लग्नाचा प्रश्न आहे."

पोहे झाले. चहा आला. प्राची समोर बसली. हरिभाऊ शेतीबद्दल बोलत होते, निकम शहाण्यासारखी मान हलवत होते. मी जरा सैल होऊन बशीत चहा ओतला. तेवढ्यात निकम उठले, खिशातून मेजरिंग टेप काढली आणि म्हणाले, "बेटा, जरा उभी राहतेस? हात कोपरात वाकव."

संदीपनं डोळे मिटून घेतले. माझा चहा शर्टावर सांडला.

"मुलीची मापं घेता?" हरिभाऊ ताडकन उठले. "आमी काय बैल दाखवायला बसलो हाय? उठा तुमी. नाय जमायचं हे."

धरणीनं पोटात घ्यावं तर बरं, असं मला झालं. बायकोच्या माहेरी आता कुठलं तोंड घेऊन जायचं? मी निकमांचा हात धरून ओढू लागलो. ते जागचे हलेनात. टेप उघडी तशीच लोंबत होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "ओट्यासाठी पाहिजे होतं, त्याची उंची कोपरावरून ठरते. आमचा ओटा उंच आहे. बिल्डरनं दिला तसा. आमची ही बुटकी. ती गेल्यावर मी स्वयंपाकाला लागलो, तर रोज पाटाला पाय अडखळायचा. संदीपला विचारलं, हा इथे कशाला रे? तो म्हणाला, आई यावर उभी राहून पोळ्या करायची. सगळा जन्म. मला ठाऊकच नव्हतं हो! कारखान्यात मी प्रत्येक हेल्परची खुर्ची बघायचो. घरात बसून गरम पोळ्या खाल्ल्या आणि एकदासुद्धा मान वळवून बघितलं नाही. लाज वाटते मला. ही पोर येण्याआधी ओटा फोडायचाय. तिनं पाटावर चढू नये."

आतल्या दारात प्राचीची आई पदर तोंडाला लावून उभी होती. ती आपल्या नवऱ्याकडे बघत होती आणि हरिभाऊंना तिच्याकडे बघवेना.

प्राचीच उठली. हात कोपरात वाकवून निकमांसमोर उभी राहिली. "घ्या माप, काका. पण संदीपचं घेतलंत का? ओट्यापाशी रोज मीच थोडीच उभी राहणार?"

तिची आई खुदकन हसली. ताडमाड संदीप कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्यानं हात वाकवून तिच्या शेजारी उभा राहिला. निकम मात्र हसले नाहीत. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही," म्हणत त्यांनी दोघांची मापं घेतली.

"रविवारी आमी येतो," हरिभाऊ खाली बघत म्हणाले. "ओटा फोडायला मानसं लागतील ना तुमाला?"

संदीप मागे रेंगाळला. आम्ही दोघं स्टेशनवर येऊन बाकावर बसलो. निकमांना चार शब्द सुनावायचे असं मी चहा सांडला तेव्हाच ठरवलं होतं. पण तेच माझ्याकडे वळले.

"नवा ओटा होईल," ते म्हणाले. "त्या पाटाचं काय करू? मध्यभागी झिजलाय, तिच्या दोन्ही पावलांखाली. घरात ठेवला तर बघवत नाही. टाकायचा म्हटलं तर हात होत नाही. तुम्ही सांगा, काय करू?"

बोईसरची गाडी आली, थांबली आणि गेली. आम्ही तिथेच बसून होतो.