आठ क्रेडिटचे आप्पा

पद्मजा मगदूमचे वडील आठ क्रेडिटचे निघाले, हे तिला शेवटच्या सत्राच्या नोंदणीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता खिडकी क्रमांक दोनवर कळलं.

खिडकीमागचे इंगवले भाऊसाहेब तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचा अर्ज दोनदा वाचला, बोटावर बेरीज केली आणि कॅल्क्युलेटरवर पुन्हा केली.

"सक्तीचे पाच पेपर, वीस क्रेडिट. विधी साहाय्याचा पेपर चार. झाले चोवीस. मर्यादा चोवीसचीच. इथपर्यंत बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू वडील धरले नाहीस."

कै. तात्यासाहेब नरंदे विधी महाविद्यालयाचा नियम जुना आणि साधा होता. एका सत्रात बसून ऐकलेले पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. कुणाचं ऐकलं, याची अट त्यात नव्हती. एका डोक्यात एका सत्राला चोवीसपेक्षा जास्त क्रेडिट घालू नयेत, असाही ठराव होता. पूर्वी फक्त प्राध्यापकांचे तास मोजत. पण प्राध्यापकांचं कुणीच ऐकत नाही असं तपासणीत दिसून आल्यावर मोजणी विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत नेण्यात आली. तेव्हापासून जयसिंगपुरात बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. पोरं नापास का होतात, हे वडीलधाऱ्यांना कळत नव्हतं. डोक्यात जागाच नव्हती. सगळी जागा वडीलधाऱ्यांनीच अडवली होती. पहिल्या वर्षाच्या एका मुलाचे आजोबा बारा क्रेडिटचे भरले आणि त्याला करार कायदा सोडावा लागला. आजोबा सोडता येत नव्हते, ते अंथरुणावर होते.

मगदूमांच्या घरची मोजणी चौगुले नावाच्या माणसाने केली होती. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत नव्वद दिवस तो रोज संध्याकाळी समोरच्या कट्ट्यावर घड्याळ आणि वही घेऊन बसला. खोकला, तांबूल आणि चहा वजा करून रोजचा एक तास वीस मिनिटं. नव्वद दिवसांचे एकशेवीस तास.

"चालू विषय आहे," इंगवले म्हणाले. "मागच्या सत्रात होता, म्हणजे ह्याही सत्रात धरायचा. वीस आणि आठ अठ्ठावीस. विधी साहाय्य तर लांबच, तू आताच चार जास्त आहेस."

"मग काय करू?"

"वडील कमी कर. बाकी सगळं सक्तीचं आहे." त्यांनी नमुना सात पुढे सरकवला. विषय सोडण्याचा अर्ज. खाली शिक्षकाच्या सहीसाठी रेघ होती. "पाचला खिडकी बंद होते."

विधी साहाय्याचा पेपर याच सत्रात असे, पुन्हा वर्षभर नाही. तो राहिला की पदवी राहिली. सांगलीच्या ॲडव्होकेट कर्नाळेबाईंनी पद्मजासाठी आपल्या कचेरीत एक टेबल धरून ठेवलं होतं, पण फक्त जूनपर्यंत. आप्पांनीही जूनपर्यंतच सवड दिली होती. पुढे हुपरीचं स्थळ होतं, चांदीचे पैंजण घडवणारं घर. मुलगा चांगला होता. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, त्याची स्वतःचीसुद्धा नव्हती. पद्मजाला तो नको होता. तिला टेबल पाहिजे होतं.

ती स्कूटीवरून घरी गेली. आई भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून आई म्हणाली, "मी तुझ्या आप्पांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडलं. अर्ज न करता." ते खरं होतं. आई रोज संध्याकाळी आप्पांच्या शेजारीच निवडत-टिपत बसलेली असे, पण चौगुलेनेही तिच्या नावापुढे शून्य लिहिलं होतं. ती हजर असे, ऐकत नसे. अशी विद्या वकिलीच्या शिक्षणात नाही.

आदगोंडा मगदूम ऊर्फ आप्पा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले होते. उसाचे ट्रॅक्टर तोलण्यात तीस वर्षं गेली. आता ते माणसं तोलत. त्यांनी नमुना सात चष्मा लावून वाचला.

"मी किती म्हणालीस?"

"आठ."

"आणि भारताची घटना किती?"

"चार."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग इस्त्रीचा शर्ट घालून, चल म्हणाले. सही करायलाच निघाले असं तिला वाटलं. वाटेत त्यांनी न्हाव्याच्या दुकानापाशी स्कूटी थांबवायला लावली. नंतर पतपेढीपाशी. नंतर मोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजपाशी, जिथे त्यांची कुणाशीच ओळख नव्हती. सगळीकडे त्यांनी एवढंच सांगितलं, की ते घटनेच्या दुप्पट आहेत.

कॉलेजच्या व्हरांड्यात वडीलधाऱ्यांची गर्दी झाली होती. ज्याला त्याला आपण किती, ते पाहिजे होतं. खुर्च्या कमी होत्या, पण भांडण झालं नाही. चार क्रेडिटच्या बापाने सहा क्रेडिटच्या बापाला जागा दिली, आणि आप्पा आल्यावर सहावालाही उठला. पोरं भिंतीला टेकून उभी होती. त्यांच्यातली निम्मी यंदा बसणार होती, म्हणजे घरी, म्हणजे त्यांना पुन्हा ऐकावं लागणार होतं, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांचे वडील आणखी जड होणार होते. यावर कुणा वडीलधाऱ्याने चिंता व्यक्त केली नाही.

आप्पांनी सही करायला नकार दिला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. ते काही वाईट शिकवत नव्हते. पोरीला काही कमी करायचंच असेल तर तिने घटना कमी करावी, घटनेची त्यांना घरात कधीच गरज पडली नव्हती. शिवाय आपल्या शिकवण्याला मागणी आहे, असंही त्यांनी इंगवल्यांना सांगितलं. एक गृहस्थ रोज समोरच्या कट्ट्यावर येऊन बसतात, शब्द न् शब्द लिहून घेतात.

"हे काय," आप्पा म्हणाले, "हेच ते."

चौगुले कपाटाशी उभा होता. त्याने मान खाली घातली. आप्पांनी त्याला नव्वद दिवस भक्त समजून चहा पाजला होता. त्याला नीट ऐकू जावं म्हणून ते आवाज चढवत गेले होते, आणि शेवटच्या महिन्यात तर रोज वीस मिनिटं जास्त बोलले होते. पद्मजाने हिशेब केला. पाहुणा नसता तर आप्पा सातच भरले असते. तरी उपयोग नव्हता.

दोन वाजत आले होते. पद्मजा नोटीस बोर्डाखालच्या बाकावर बसली आणि तिने नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पाच वर्षांत ती कुणीच वाचली नव्हती, तिची पानं एकमेकांना चिकटलेली होती. चौदाव्या नियमाच्या तिसऱ्या पोटनियमापाशी ती थांबली. मग खिडकीवर परत आली आणि वकिलाने बोलावं तसं, आप्पांकडे न बघता बोलली.

"एकदा शिकवलेला भाग पुन्हा शिकवला, तर ती उजळणी समजावी. उजळणीला क्रेडिट नाही. चौदा, तीन. माझा अर्ज आहे, की वडिलांचे तास या नियमाखाली पुन्हा तपासावेत."

इंगवल्यांनी पोटनियम वाचला. मग आप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, "चौगुले, वह्या काढ."

वह्या अकरा होत्या, दोनशे पानी. चौगुले वाचू लागला आणि इंगवले लाल पेन घेऊन बसले. आप्पा खुर्चीवर ताठ बसून ऐकत होते. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि सुरुवातीला ते माना डोलावत होते.

पहिल्या दिवशी, त्यांच्या काळी चार भाऊ एका कंदिलावर शिकले होते. काट्यावर तीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे झाला नव्हता. मोठ्यांपुढे बोलू नये. लोक काय म्हणतील ते आधी बघावं, मग पाऊल टाकावं. इंगवल्यांनी त्याची सात मिनिटं ठेवली; उरलेला तास त्याच दिवशीची उजळणी निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील आला. इंगवल्यांनी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी काटा आधी आला आणि कंदील नंतर. चौगुले दयाळू माणूस होता, त्याने क्रम वेगळा असल्याचं निदर्शनास आणलं. क्रमाला क्रेडिट नाही, इंगवले म्हणाले.

चौथ्या वहीपाशी आप्पांनी मान डोलवायची थांबवली.

"हे कोण बोललंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. तीन ऑगस्ट."

"आणि ह्याच्या आधीचं?"

"तुम्हीच की. दोन ऑगस्ट."

व्हरांड्यातले वडीलधारे खिडकीपाशी जमले होते. ते हळूहळू पांगले. कुणाला औषधाची वेळ झाली होती, कुणाला बँकेत जायचं होतं. पाचव्या वहीपासून इंगवले वाचायच्या आधीच रेघ मारू लागले. पद्मजाने एकदाच आप्पांकडे बघितलं. ते चौगुलेच्या ओठांकडे बघत होते, जणू पुढच्या पानावर काहीतरी निघेल.

निघालं. अकराव्या वहीत, अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, आप्पांनी हुपरीला कोणत्या वाटेने जावं ते सांगितलं होतं. कोणत्या फाट्याला वळायचं, कोणत्या झाडाखाली थांबायचं. चार मिनिटं. ते पूर्ण नवीन होतं. इंगवल्यांनी त्याभोवती लाल चौकट काढली.

साडेचारला बेरीज झाली. एकशेवीस तासांतून उजळणी वजा जाता अकरा मिनिटं उरली.

"पंधरा तासांच्या आत जे असेल ते शून्य क्रेडिट," इंगवल्यांनी जाहीर केलं आणि वह्यांवर उजळणीचा शिक्का मारला. "वीस आणि चार चोवीस. अर्ज मंजूर."

पद्मजा जिंकली होती. तिचा हा पहिला खटला. हातात पावती आली तेव्हा तिला टेबल आठवलं, टेबलावरची काच आठवली, आणि तरी तिचा हात आप्पांच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

आप्पांनी खिशातलं पेन काढलं. "सही कुठं करायची?"

"सहीची गरज नाही," इंगवले म्हणाले. "शून्याला सही लागत नाही."

पेन परत खिशात गेलं. आप्पा व्हरांड्यातून जाताना तिथे उरलेला चार क्रेडिटचा बाप बसून राहिला.

त्या संध्याकाळी सहाला आप्पा आपल्या जागी बसले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. समोर चौगुले रोज येत होता, नव्या सत्राची मोजणी सुरू झाली होती. त्याने सात दिवस कोरी पानं उलटली. आईला प्रथम वाटलं, त्यांना ताप आलाय. मग तिने निवडत-टिपत बसणं बंद केलं. शांततेत तिला तांदळातले खडे दिसेनात. पद्मजा आतल्या खोलीत पुरावा कायदा वाचत असे. जागा होती, डोक्यात सगळं नीट जात होतं, आणि ती दर पानाला दाराकडे बघत होती.

आठव्या दिवशी, सव्वासहाच्या सुमारास, आप्पा बोलले. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे चौगुले कट्ट्यावरून उठून पायरीवर आला.

"एकदा हंगाम संपल्यावर मी स्वतःच काट्यावर उभा राहिलो. ट्रॅक्टर गेले होते, यार्ड मोकळं होतं. म्हटलं, आपलं बघू. मधोमध उभा राहिलो. आत खोलीत जाऊन आकडा बघणारं कुणी नव्हतं, म्हणून पळत जाऊन मीच बघितलं. शून्य होतं. मग लक्षात आलं, की मी आत आलोय. पण बाहेर असतो, तरी काटा हलला असता का, ते अजून माहीत नाही."

चौगुलेने जुन्या अकरा वह्या चाळल्या. तो त्या पिशवीत घेऊनच हिंडत होता. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"हे आधी आलेलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने लिहिलं: नवीन, बेचाळीस सेकंद.

पद्मजा दारात येऊन उभी होती. तिच्या हातात पुस्तक होतं, बोट पानात घातलेलं.

"किती राहिलं मला?" आप्पांनी विचारलं. त्यांनी ते चौगुलेला विचारलं नव्हतं.

"मागची अकरा मिनिटं धरून, चौदा तास अठ्ठेचाळीस मिनिटं, अठरा सेकंद," पद्मजा म्हणाली. "त्याच्या आत असेल तर काही अडचण नाही."

तिने बोट काढलं, पुस्तक मिटलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली. आई तांदळाचं ताट घेऊन आली. ती ऐकायला आली होती की नुसती हजर राहायला, ते चौगुलेला ठरवता येईना, म्हणून त्याने तिचा रकाना तूर्त मोकळा ठेवला.

"मग, पुढं?" पद्मजाने विचारलं.

आप्पांनी तोंड उघडलं. कंदील आला असावा, कारण त्यांनी ते परत मिटलं.

"थांब," ते म्हणाले. "विचार करून सांगतो."

चौगुलेने पुन्हा वह्या चाळल्या, पहिलीपासून अकरावीपर्यंत, आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"हेही नवीन," तो म्हणाला. "दोन सेकंद."