वजनाला घातलेली गोळी

"ह्यो माऊस हाय का वरवंटा?" असं ओरडून सुभेदार हिंदुरावांनी तो टेबलावर आदळला. पडद्यावरची शेवटची चार बदकं डावीकडून आरामात उडून गेली आणि खाली आकडा आला: एकोणीस.

शेजारच्या खुर्चीवर नानासो बशीतला चहा फुर्रकन ओढत बसले होते. त्यांचा आकडा एक्केचाळीस. दूध सोसायटीच्या सचिवपदावरून रिटायर झालेल्या या गृहस्थाने जन्मात कधी गलोलसुद्धा हातात धरली नव्हती. आणि हिंदुराव म्हणजे बटालियनमध्ये नेमबाजीत पहिले आलेले. त्यात मशीन हिंदुरावांच्या घरातलं, चहा हिंदुरावांच्या घरातला. मग माणसाच्या अंगाची लाही लाही होणार नाही तर काय होईल?

मशीन त्यांच्या मुलीचं, प्रियदर्शनीचं. अठ्ठ्याण्णव साली तिने ओसरीवर कॉम्प्युटर क्लास काढला, शिराळ्याजवळच्या त्या गावातला पहिलाच. दिवसा तिथं विद्यार्थी शिकायचे आणि संध्याकाळी हे दोन म्हातारे त्यावरच्या खेळातली बदकं मारायचे.

"आबा, तुम्ही नेम धरताना तो डावा..." प्रियदर्शनी सांगायला गेली.

"चुप! पंधरा साल रायफल चालवली मी. मला नेम शिकवती व्हय?"

"सुभेदार, ऱ्हाऊ द्या," नानासो मिशीत हसले. "तुमचं हात आता बैलाचं कासरं धरायला बरं. आन् तेबी मागनं."

हे मात्र वर्मी लागलं. बेंदराच्या, म्हणजे तिकडच्या बैलपोळ्याच्या, मिरवणुकीत वेशीतून पहिली जोडी कुणाची जायची, यावरून या दोन घरांचं दरवर्षी वाजायचं. वडिलांच्या काळापासून हिंदुरावांची जोडी पुढे असे आणि नानासोंच्या घराला ते पोटात दुखे.

"मागनं? माजी बैलं मागनं? मार पैज! बेंदराला ज्याची बदकं जास्त, त्याची जोडी पुढं!"

"मारली!" नानासोंनी बशी खाली ठेवली. भिंतीपलीकडच्या चार घरांनी ऐकलं, म्हणजे गावानं ऐकलं. बेंदूर आठ दिवसांवर होता.

रात्रभर हिंदुराव तळमळले. सकाळी निकाल लावला, की दोष माऊसचा. प्रत्येक जवानाची आपली रायफल असते, तसा आपला वेगळा माऊस पाहिजे. हलका पाहिजे, आणि स्वस्त पाहिजे. पहिल्या एसटीने ते सांगलीला गेले.

स्टँडजवळ मिलिंद नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. शांत स्वभावाचा, नुकतंच दुकान टाकलेलं. त्याने सहा माऊस मांडले. हिंदुरावांनी एकेक तळहातावर घेऊन, बाजारात कोंबडी जोखतात तसा जोखला.

"काका, हा चांगला चालतो," मिलिंद म्हणाला.

"तुला महाग खपवायचा हाय म्हणून चांगला! हलका कंचा ते सांग."

मिलिंदला ते ठाऊक नव्हतं. माऊस वजनावर विकायचे असतात हे त्याला डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी हिंदुराव सहाही माऊस घेऊन शेजारच्या फरसाणवाल्याकडे गेले, तराजूतली शेव त्याला काढायला लावली आणि सगळ्यांत हलका निघाला तो घेतला. तो स्वस्तही होता. खूश झाले म्हणाल तर छे, खूश होणं त्यांच्या प्रकृतीला मानवायचं नाही. पण कुरकुर थांबली.

परतीच्या एसटीत त्यांनी माऊस उलटा करून पाहिला. पोटावर गोल झाकण होतं. फिरवलं तर निघालं, आणि टपकन एक गोळी हातात पडली. वरून रबर, आत लोखंड. आणि वजनाला चांगली जड!

हिंदुरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कापसात दगड, गुळात माती, तशी माऊसमध्ये गोळी! "वजनाला लोखंड घालत्यात, हरामखोर!" ते एवढ्याने ओरडले, की कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली.

गोळी त्यांनी रुमालात बांधली. ग्राहक मंचात पुरावा लागतो. झाकण लावून माऊस जोखला तर अगदी पिसासारखा झाला होता. वाटेत कट्ट्यावर त्यांनी कंपन्यांची ही लबाडी गावाला खणखणीत आवाजात समजावून सांगितली. नानासो हनुवटी खाजवत ऐकत होते.

घरी माऊस जोडला. पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

"बघू आबा..." प्रियदर्शनीने हात पुढे केला.

"माज्या हत्याराला हात लावायचा न्हाई! खराब माल दिलाय त्यानं!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगली. दुकानात गर्दी होती आणि हिंदुरावांचा आवाज गर्दीच्या वर होता. मिलिंदने काहीही न पाहता तसलाच दुसरा डबा दिला आणि हात जोडले. एसटीत बसल्याबरोबर हिंदुरावांनी झाकण फिरवलं. यातही गोळी! आता मात्र त्यांचं माथं भणभणलं. तीही काढून रुमालात बांधली. घरी आले. बाण हलेना.

तिसऱ्या दिवशी ते दुकानात शिरले तेव्हा सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. हिंदुरावांना तेवढीच पाहिजे होती.

"ऐका रं समद्यांनी! ह्यो पोरगा चोर हाय! बंद पडल्याला माल देतो, आन् वर वजनाला लोखंड घालतो! ह्यो घ्या पुरावा!" त्यांनी रुमाल सोडला. दोन गोळ्या काउंटरवर घरंगळत गेल्या.

मिलिंदचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दोन गिऱ्हाइकं चपला घालू लागली. त्याने एक गोळी उचलली, माऊसच्या पोटात ठेवली, झाकण फिरवलं आणि माऊस दुकानातल्या मशीनला जोडला. पडद्यावर बाण सुरसुर पळायला लागला.

"काका, ही गोळी फिरते म्हणून बाण फिरतो," तो हळू आवाजात म्हणाला. "काल एक शब्द बोलू दिला असतात तर सांगितलं असतं."

गिऱ्हाइकं खो-खो हसली. हिंदुराव माऊस घेऊन जे निघाले ते गावातच थांबले. घरी कुणाला काही सांगितलं नाही, कट्ट्यावर तर मुळीच नाही.

बेंदराच्या दिवशी पुरणपोळ्या खाऊन अख्खं गाव ओसरीवर लोटलं. हिंदुराव आपला हलका माऊस घेऊन पहिले बसले. डावा डोळा मिटला, श्वास रोखला. सत्तावीस. आजवरचा त्यांचा सगळ्यांत मोठा आकडा.

प्रियदर्शनीने मशीन बंद करून जुना माऊस जोडला आणि नानासो बसले. बदकं उडाली. नानासोंनी माऊस डावीकडे ओढला, उजवीकडे ओढला, टेबलावर आपटला. बाण ढिम्म. आकडा शून्य.

"सुभेदार जिंकलं!" गाव ओरडलं. कुणीतरी हलगीवर थाप मारली.

प्रियदर्शनीने जुना माऊस उलटा केला. "नानासोकाका, ह्यातली गोळी कुठाय?"

नानासो खाली मान घालून म्हणाले, "काल चहा प्यायला आलो तवा काढली. हिरीत टाकली. तुजा बाच कट्ट्यावर सांगत हुता न्हवं, वजनाला घालत्यात म्हणून! म्हटलं आपलाबी हलका हुईल."

हलगी थांबली. सगळ्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं. नुसतं गप्प बसलं असतं तरी जोडी पुढे होती. त्यांच्या कपाळावरची शीर ताडताड उडायला लागली. मग त्यांनी आपल्याच माऊसचं झाकण काढलं आणि गोळी नानासोंच्या हातावर आदळली.

"घाल आन् खेळ, गाढवा! वजनाला न्हाई ती, तिच्याबिगर बाण हलत न्हाई! मलाबी कळलं नव्हतं! हसा आता!"

गाव हसलं. नानासोंनी गोळी घातली आणि बेचाळीस बदकं मारली.

संध्याकाळी नानासोंची जोडी झुली मिरवत वेशीतून पुढे गेली. हिंदुराव आपल्या बैलांचा कासरा धरून, त्यांची धूळ खात, दातओठ खात मागून गेले. वडिलांच्या काळापासून असं कधी झालं नव्हतं. घरी आले ते थेट ओसरीवर जाऊन बसले.

"गप बसला असतात तर जिंकला असतात," प्रियदर्शनी म्हणाली.

"त्या सांगलीच्या पोराला मी चारचौघांत चोर म्हणलो. आता सोता चोरी करून बैलं पुढं न्हेऊ?"

 मग तिने मशीन चालू केलं. "आबा, एक सांगू?"

हिंदुरावांनी तोंड उघडलं. त्यांना मिलिंदचा लाल चेहरा आठवला. त्यांनी तोंड मिटलं.

"सांग."

"नेम धरताना डावा डोळा मिटू नका. डावीकडून येणारी बदकं तुम्हाला फार उशिरा दिसतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळा."

हिंदुरावांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. जुनाच जड माऊस हातात घेतला. दोन्ही डोळे उघडे ठेवले. खेळ संपला. खाली आकडा आला: त्रेपन्न.

 बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरवायचं काम चाललं होतं. मग पत्रा हादरेल असा त्यांचा आवाज आला:

"आन् हे आदी सांगायला तोंड शिवलं हुतं काय गं तुजं?"