डाव्या पायाचा खुलासा

“पाच महिन्यात तीन क्लचप्लेटा! तुझा डावा पाय हाय का घूस हाय बे? घावंल ते कुरतडती!”

“तात्या, प्लेट पायानं न्हाई झिजत. रांगेनं झिजती.”

“रांगेला पाय असतेत का? गाडीत कोण बसतंय, तू का रांग?”

“मंग एक दिवस तुमीच बसा की!”

इथं त्रिंबकअण्णांनी, म्हंजे आपल्या सचिवांनी, पेनाचं टोपण काढलं आणि इचारलं, “अध्यक्षांना उलट बोलणं याला येगळा ठराव घ्यायचा का क्लचच्याच ठरावात बसवायचं?” गहिनीनाथतात्या म्हणले, क्लचच्याच बसवा, कागद वाचंल.

सबब मी, राधाकिशन, वय अठरा पूर्ण (लायसनवर), जीपचालक, धाकटी वस्ती सहकारी पाणी वाहतूक संस्था मर्यादित, सर्व सभासदांपुढं हा लेखी खुलासा ठेवतोय. चालकानं खुलासा लिहायचा आणि तो फळ्यावर लावायचा, असा आपला नियम हाय. अध्यक्षानं खुलासा कुठं लावायचा याचा नियम न्हाई, कारण तशी येळ अजून कुणी येऊ दिली न्हाई. शाळा मी दहावीत सोडली. गणिताचे सर आणि मी, दोघातल्या एकानं जाणं भाग व्हतं, आणि त्यांना पेन्शन व्हती. शुद्धलेखन पोटात घाला.

आता मुद्दा. जी वस्तू दिसत न्हाई ती झिजली, की जो माणूस दिसतो तो जबाबदार असतो. हे सहकाराचं मूळ तत्त्व हाय आणि माझी त्याबद्दल तक्रार न्हाई. क्लचप्लेट गाडीच्या पोटात असती. मी बाहेर असतो, त्यात लाल बनियन घालतो. लांबून दिसतो.

क्लच म्हंजे काय, हे चौकशी समितीतल्या सात जणांनी मला सात परकारे समजून सांगितलं. त्यातल्या एकालाबी गाडी येत न्हाई, म्हून त्यांचं मत निःपक्ष धरलं पायजे. मांजरसुंब्याचा पाशाभाई मिस्तरी तीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपतो, म्हून त्याचं मत समितीनं घेतलं न्हाई. मी घेतलं. पाशाभाई म्हणला, “देख बेटा. इंजन फिरतंय, चाकं हुबी हायेत. मधी ही प्लेट. पाय पूरा दाबला, दोघांची फारकत. पाय पूरा सोडला, दोघांचा निका. आन् अर्ध्यात ठेवला, तर दिनभर घर में झगडा. झगडे में जलता कौन? बीचवाला.”

या अर्ध्या पायाला हाफ क्लच म्हणतेत. गाडी धड थांबत न्हाई, धड चालत न्हाई, इंजन वरडतंय, आणि जळल्याचा वास येतो. बघणाराला वाटतं लई काम चाललंय.

आता तुमी म्हणाल, मंग अर्ध्यात पाय ठेवतोस कावून?

तर ऐका. पाणी भरायचा पॉइंट मांजरसुंब्याच्या अलीकडं चढावर हाय. तिथं दोन पाईप. एक चालू असतो आणि दुसरा चालू व्हणार असतो. (गेल्या उन्हाळ्यातबी चालू व्हणारच व्हता. शब्दाला पक्का हाय.) सकाळी पाचला आपली जीप आणि मागची टाकी रांगेत लागती. पुढं सत्तर गाड्या. चार मिनटाला एक भरती. गाडी भरली की रांग एक गाडीभर सरकती, पण एका दमात न्हाई. आधी हातभर, मंग टीचभर, मंग परत हातभर. कारण मधी जागा सोडली की पाटोद्याकडचा कुणीतरी मोटरसायकलला चार कॅन बांधून त्यात घुसतो आणि म्हणतो, “मी कवाचा हितंच हाय.”

हँडब्रेक वढून हुबं राहावं, तर हँडब्रेक काढलाय. त्या जागी तात्यांचा पानाचा डबा बसवलाय (ठराव क्रमांक तीन, सर्वानुमते). ब्रेकवरून पाय उचलून रेस देईपर्यंत जीप चढावर मागं घरंगळती, आणि मागं जमीलचा टँकर लाडात आल्यासारखा टेकलेला असतो. म्हून हाफ क्लचवरच जीप तोलून धरायची.

इंजन बंद करावं, तर ‘इंजन बंद, नंबर बंद’ असा रांगेचा नियम हाय. गाडी चालू दिसली तरच ती रांगेत हाय. बंद दिसली की ती नुसती रस्त्यावर हाय. हा नियम झाला कारण मागं एक जण नंबरात गाडी लावून पाटोद्याला लग्नाला गेलता, तो तिसऱ्या दिवशी सत्यनारायण उरकून आला आणि म्हणला, नंबर माझा. तवा टँकर संघाच्या बैठकीत हा नियम आला. मांडणारे संघाचे अध्यक्ष. संघाचे अध्यक्ष आपले तात्याच. त्या दिवशी सत्कारात त्यांना फेटा बांधला, त्यो हापिसात काचंच्या कपाटात हाय.

म्हंजे जीप थांबवायची न्हाई, चालवायची न्हाई, बंद करायची न्हाई, आणि मागं जाऊ द्यायची न्हाई. एवढं सगळं एका डाव्या पायानं करायचं. लोक त्याला घूस म्हणतेत.

मी मोजलंय. शाळा सोडली म्हून मोजता येत न्हाई असं न्हाई. एका खेपेला क्लच चारशे बारा येळा दाबतो. सरळ रस्त्यानं अंबाजोगाईपर्यंत गेलो तर पन्नास-साठ दाबात काम व्हतं. टाकीत पाणी येतं अठराशे लिटर. म्हंजे एका दाबाला सव्वाचार लिटर आणि वर चूळभर. एक घागर म्हंजे तीन दाब. वस्तीत घरं चौतीस, घरटी चार घागरी, एकशे छत्तीस. वरच्या दोन उरतेत, त्यातली एक देवळात जाती आणि एक सांडती. (सांडलेल्या घागरीची चौकशी अजून बाकी हाय, म्हून त्यावर बोलत न्हाई.)

कौशल्याकाकू माझ्या शेजारची. सात माणसं, एक म्हैस, बारा दाब. परवा तिचा नातू अर्धी घागर पायानं लवंडून पळाला, तर मी त्याला खेटर फेकून मारलं आणि वरडलो, “दीड दाब गेला की बे!” त्याला काई कळलं न्हाई. काकूला कळलं. तिनंबी एक फेकलं.

तीन प्लेटांचा तपशील मागितलाय, तो असा. पहिली रांगेत गेली. दुसरी दुष्काळ पाहणीत. पाहणीला तात्या जीपमधीच मागल्या बाजूला हुबे राहून हात जोडतेत. जोडलेल्या हातांनी दांडी धरता येत न्हाई, म्हून जीप माणसाच्या चालीनं न्यावी लागती. जरा पळवली की तात्या बसतेत, आणि बसून पाहणी दिसत न्हाई. अकरा गावं हाफ क्लचवर पाहिली. अकरा गावांनी दुष्काळ पाहिलेला व्हता, त्यांनी तात्याला पाहिलं. तिसरी प्लेट क्लच चौकशी समितीत गेली. समिती रांगेची समक्ष पाहणी करायला आली, सात जण आपल्याच जीपमधी बसले, चढावर. त्रिंबकअण्णा म्हणले, “कशाचा तरी वास येतोय.” मी म्हणलं, “तुमचाच हाय.” हे वाक्य ठरावात आलंय.

समितीनं निष्कर्ष काढले. एक, डावा पाय अनवाणी ठेवावा, म्हंजे तो हलका पडंल. (आठ दिवस ठेवला. पेडल तापतं.) दोन, पेडलला लिंबू-मिरची बांधावी. बांधली. ब्रेकच्या वक्ताला मिरची पायात आली आणि जमीलचा टँकर आणि आपली टाकी यांचा परिचय वाढला. तीन, क्लच वाचवण्यासाठी रांगेत इंजन चालू ठेवून गाडी न्यूट्रल करावी आणि लाभार्थ्यांनी ढकलावी. योजनेचं नाव ‘लाभार्थी सहभाग’. नारळ फुटला, फोटो झाला. वस्तीतल्या बारा बाया आणल्या, पाच ते धा, चढावर, जीप आणि रिकामी टाकी.

तिसऱ्या दिवशी कौशल्याकाकू जीपला पाठ लावून रस्त्यातच बसली.

“अण्णा, मी काय म्हणते, आमीच ढकलायचं तर जीप कशाला? आमी घागरी घेऊनच रांगेत हुबं राहतो. चालत जातो, चालत येतो.”

त्रिंबकअण्णा म्हणले, “पाणी वाहनालाच देता येतं. माणसाला द्यायची तरतूद न्हाई.”

“मंग मला लिहा की वाहन! इंजन माझंबी पाचपासून चालूच हाय!”

अण्णांनी खरंच वही उघडली, मंग बंद केली. काकू तिथंच थांबली न्हाई. तिनं रस्त्याकडंचा एक धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. “घे. आता काढ पाय.”

काढला. जीप हुबी. चार मिनटं डावा पाय माझा व्हता. किती दिसांनी त्याच्याकडं बघितलं. चांगला पाय हाय.

त्या दिवसापासून काकू धोंडा घेऊन जीपसंगं चालती. दाब चारशे बारावरून दीडशेवर आले. समितीला कळवलं. उत्तर आलं: ‘धोंडा हा मान्य सुट्या सामानाच्या यादीत नाही. वापर त्वरित थांबवावा.’ काकूला वाचून दाखवलं तर ती म्हणली, “त्यांना सांग, हापिसात भरपूर हायेत, एक यादीत घाला.”

मंग मंडप घालून सर्वसाधारण सभा झाली. तुमी सगळे व्हता. जीप त्या दिवशी पाशाभाईकडं खोलून पडली व्हती. काकू उठून बोलली, तेबी तुमी ऐकलं: “गिरणीत आपण डबा ठिवून घरी जातो. डबा नंबरात असतो. कुणी डब्याला म्हणतं का, गरगर फिरत राहा, न्हाई तर नंबर जाईल? तसं गाड्यांना चिठ्ठ्या द्या, इंजनं बंद करा. तात्या संघात बसतेत, आपल्या संस्थेनं तसं लिहून द्यावं.” एवढं सोपं व्हतं की त्रिंबकअण्णांनी दोनदा इचारलं, याच्यात समिती कुठं येती.

मत घेतलं. मी मागच्या खांबाला टेकून हात मोजत व्हतो. पूर्ण वर: तीन. (काकू, मी आणि हरिबा, हरिबाला वाटलं चहा कुणाकुणाला पायजे इचारतेत.) पूर्ण खाली: पाच. उरलेले एकसष्ट हात कानापाशी. तात्यानं बघितलं तर कान खाजवतोय, काकूनं बघितलं तर मत देतोय. धड वर न्हाई, धड खाली न्हाई. अण्णांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘सभासदांनी खाजवून विचार केला व विषय पुढे ढकलण्यात आला.’ तवाच तात्या नाकाला उपरणं लावून म्हणले, “जळल्याचा वास कुठून येतोय रे?” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी लाल बनियनमधी व्हतो.

सध्या चौथी प्लेट चालू हाय, चालू म्हंजे पाशाभाईनं कान लावून ऐकली आणि मान हलवली. “एक चढ निघंल. बस, एक. पानी लेके जा या तात्या लेके जा.” पुढची प्लेट कवा येईल, ते समितीकडं हाय.

आणि आज पाहणी हाय. सहा गावं, हात जोडून. साडेसातला चावी हापिसात जमा करायची, असा ठराव हाय. न केल्यास चालकाला कमी करण्यात येईल, असंबी त्यात हाय. मी ठराव नीट वाचला. कोरी बाजू चांगली निघाली, तिच्यावरच हा खुलासा लिहितोय, ष्टेरिंगवर ठिवून.

आता सव्वाआठ झालेत. चावी जिथं असाया पायजे तिथंच हाय. पुढं बावीस गाड्या. तात्यांचा फोन नऊदा वाजला, दहाव्यांदा मी उचलला.

“कुठं हायेस बे?”

“रांगेत.”

“उलटा फिर! लोक हार घेऊन हुबेत!”

“वस्तीतबी लोक हुबेत तात्या. घागरी घेऊन.”

“किसन्या, धड सांग, येतोस का न्हाई?”

न्हाई, म्हणलं. पूर्ण. इतकं सोपं जातंय हे मला म्हाईत नव्हतं. पायाला काईच लागलं न्हाई.

तर खुलासा असा. पहिली, दुसरी, तिसरी, एकबी प्लेट मी घासली न्हाई. चौथी घासतोय, ती एकशे अडतीस घागरींसाठी, आणि तिची जबाबदारी माझी. उद्यापासून चालक कोण, ते सभेत ठरवा. तवा खाजवायचं असंल तर घरून खाजवून या. आणि त्या दिवशी मंडपात जीप नव्हती, तरी वास कुठून आला, याची चौकशी करायला समिती नको. हा कागद वाचताना उजवा हात जिथं असंल तिथून खाली घ्या आणि एकदा हुंगून बघा.

काकूनं धोंडा उचलला. निघतो.