वाळूजला जाऊन आलेल्या कुरडया

सोनाजी आता रोज घरी येतो, ही गोष्ट त्याच्या घरच्यांच्या अजून अंगवळणी पडली नव्हती. तसा दोष त्यांचाही नव्हता. लग्नाच्या आधीपासून तो लाइनवर. लाइन म्हणजे लांबचा पल्ला, चेन्नई नाही तर गुवाहाटी. महिन्यातून एकदा तो चितेगावात उगवायचा, तेव्हा आई पुरण घालायची आणि बायको ठेवणीतली साडी काढायची. दिवाळीनंतर त्याला लोकल मिळाली. वाळूजच्या गोदामातून माल भरलेलं ट्रेलर चितेगावच्या कारखान्यात आणायचं, तिथं सोडायचं, रिकामं जोडून परत न्यायचं, आणि संध्याकाळी घरी जेवायला. पहिल्या आठवड्यात पुरणपोळी झाली. दुसऱ्या आठवड्यात पिठलं आलं. तिसऱ्या आठवड्यात आई दारातूनच म्हणाली, "आज बी आलास व्हय?"

सोनाजीच्या मनाला ते लागलं. ही लोकल मिळवण्यासाठी त्यानं सुपरवायझर साहेबरावांच्या मागे किती हेलपाटे घातले होते. साहेबरावांनीही बजावून ठेवलं होतं, "एक जरी भानगड केलीस तर परत चेन्नई." म्हणून त्यानं लाइनची बॅग खुंटीवर तशीच भरून ठेवली होती. आत जाड चौकड्यांची चादर आणि सतरंजी. घरात कुणाला आपली फारशी गरज नाही, ही शंका आली की तो त्या बॅगेकडे बघत बसायचा.

उन्हाळा लागला. लेक तनुजाचं लग्न ठरलं आणि रुखवतासाठी कुरडया करायचं निघालं. आई सखूबाईनं गहू भिजवले, चीक काढला, शिजवला. पण वाळवायच्या कुठं? घरावर उतरते पत्रे. अंगणात शेजारच्यांच्या कोंबड्या. सखूबाई दारात उभी राहून विचार करत होती, आणि समोर मोकळ्या जागेत सोनाजीचं रिकामं ट्रेलर उभं होतं. त्या दिवशी त्याची सुट्टी होती. बंद कंटेनरचं ते लांबलचक, सपाट, तव्यासारखं तापलेलं छप्पर बघून म्हातारीचे डोळे चमकले.

"सत्यभामे, शिडी आण."

"अवो आत्या, ह्यांना इचारावं लागंल."

"इचारलं तर तो नाय म्हणंल. मग कशाला इचारायचं?"

यात खोट काढायला जागा नव्हती. सोनाजी आत घोरत होता. सून सत्यभामा शिडीनं वर चढली, कापड अंथरलं, चारी टोकं सुतळीनं पक्की बांधली आणि त्यावर सोऱ्यानं एकेक कुरडई घातली. लाल, हिरव्या, पिवळ्या. सखूबाई खालून हुकूम सोडत होती. काम उरकल्यावर दोघी उरलेला चीक घेऊन शेजारी सरूबाईकडे गेल्या. नवरा चारपर्यंत काही उठत नाही, हा सत्यभामेचा हिशेब होता.

पण साहेबरावांचा फोन त्याच्या आत आला.

"सोनाजी, सुट्टी राहू दे. कारखान्यात माल संपलाय. रिकामं ट्रेलर घेऊन लगेच वाळूजला ये."

सोनाजी शहाणा ड्रायव्हर. निघण्यापूर्वी तो गाडीला पूर्ण फेरी घालायचा. टायर ठोकून बघितले, दिवे बघितले, मागचं दार ओढून बघितलं. वर मात्र बघितलं नाही. ट्रेलरच्या डोक्यावर काय आहे ते बघा, असं आजवर कुठल्या ड्रायव्हरला कुणी शिकवलेलं नाही.

पैठण रोडला लोक त्याला हात करू लागले. सोनाजीनंही हात केला. लोक आपल्याला ओळखायला लागले, म्हणून त्याला बरं वाटलं. लिंक रोडला एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन ओरडला, "चाचा, उप्पर देखो, उप्पर." सोनाजीनं मान वाकडी करून वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. पुढं एका ट्रकवाल्यानंही तेच सांगितलं, तेव्हा मात्र त्याला काळजी वाटली. त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि सगळे टायर पुन्हा ठोकून बघितले.

गोदामात त्यानं ट्रेलर लावून सोडलं, भरून ठेवलेलं दुसरं जोडलं आणि कागद तयार होईपर्यंत तासभर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा-भजी खात निवांत बसला. गाडीत बंद करून ठेवलेला फोन त्यानं आता कुठं चालू केला. तो लगेच वाजला.

"अहो, कुठं हाव तुम्ही?" सत्यभामेला धाप लागली होती. "गाडी हलवू नका. तनुजाच्या रुखवताच्या कुरडया हायेत वर."

"कशाच्या वर?"

"आपल्या ट्रेलरच्या."

सोनाजीनं मागं वळून आपल्या गाडीकडे बघितलं. हातातलं भजं हातातच राहिलं.

"अगं, ते ट्रेलर आता माझ्याकडं नाय. सोडलं ते. हे दुसरं हाय."

"सोडलं म्हंजी? आपलं ट्रेलर सोडून दिलं?"

"आपलं नसतंय ते. पुढचा घोडा, इंजिन-केबिन, तेवढा माझा. ट्रेलर रोज बदलतंय."

हे घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी जे ट्रेलर जातं तेच संध्याकाळी परत येतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. सखूबाईनं सुनेच्या हातातून फोन ओढून घेतला. तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

"सोन्या, रानात चार कळप एक झाले तरी आपलं मेंढरू मला कळतं. तुला एवढं मोठं ट्रेलर सांभाळता आलं नाय? कुणाच्या हवाली केलंस?"

सोनाजी उत्तर देणार, तोच गोदामाच्या फाटकातून ते ट्रेलर माल भरून बाहेर पडलं. पुढं दुसऱ्या ड्रायव्हरचा, मोतीरामचा घोडा. छपराच्या कडेला कापडाचं एक टोक सुटून फडफडत होतं. मागोमाग साहेबरावांची जीप. मोतीराम गाडीत फोन घेत नसे.

"आई," सोनाजी कळवळून म्हणाला, "ते तुझ्याकडंच यायलंय."

सोनाजीनं भजं टाकलं आणि आपली गाडी त्यांच्या मागं काढली. तो चितेगावाजवळ पोचला तेव्हा पैठण रोड तुंबला होता. भर रस्त्यात सखूबाई काठी आडवी धरून उभी होती. कळप रस्ता ओलांडताना गाड्या अडवायची जुनी सवय, ती एस्टीलाही भ्याली नव्हती. मोतीराम स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होता. ट्रेलरला शिडी लागली होती आणि वर सत्यभामा कुरडया तपासत होती. खाली साहेबराव कमरेवर हात देऊन उभे होते, आणि ते हसत नव्हते.

"सोनाजी, कंपनीचं ट्रेलर हे. वाळवणाची गच्ची नाही."

"चुकलं साहेब."

"बोललो होतो ना मी? उद्या सकाळी चेन्नईचा माल आहे. बिस्तरा घेऊन ये."

सोनाजीनं मान खाली घातली. आपली लोकल गेली, हे त्याला कळून चुकलं. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि आपण पुन्हा पाहुण्यासारखं अक्षता टाकायला यायचं.

"बिस्तरा कुठाय?" वरून सत्यभामेचा आवाज आला.

साहेबरावांनी वर बघितलं. सोनाजीनंही बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच नीट. फडफडणारं ते टोक चौकड्यांचं होतं. ती त्याची लाइनची चादर होती, आणि तिला लाल-हिरव्या कुरडया घट्ट चिकटल्या होत्या.

"चादर ही हितं हाय," सत्यभामा म्हणाली. "सतरंजी चिकाच्या पातेल्याखाली भिजली. बॅगेत मी गहू भरलेत. हे आता रोज घरी हायेत, मग ते सामान कशाला ठिवायचं? साहेब, तनुजा झाली तवा हे गुवाहाटीला व्हते. ती चालायला लागली तवा बी नव्हते. आता तिला सासरी घालवताना तरी हितं पायजेत मला हे. कुरडया माझ्या हायेत. काय बोलायचं ते मला बोला."

मागं हॉर्न वाजत होते. साहेबरावांनी हात वर केला. सत्यभामेनं शिडीवरून खाली उतरून त्यात एक कुरडई ठेवली. त्यांनी ती मोडून बघितली. कडकन मोडली.

"वाऱ्यानं झकास वाळल्यात," ते स्वतःशीच म्हणाले आणि जीपकडे वळले. जाता जाता थांबले. "आता बिस्तऱ्याशिवाय माणूस चेन्नईला कसा धाडायचा? मोतीराम, गाडी काढ. सोनाजी, उद्या वेळेवर वाळूजला ये."

संध्याकाळी सोनाजी घरी पोचला. कारखान्यापासून घरापर्यंत तो एकटाच हसत आला होता. बायको चारचौघांत काय बोलली ते त्याला पुन्हा एकदा, घरात, हळू आवाजात ऐकायचं होतं. त्यानं चपला काढायला पाय वर केला.

"आज बी आलास व्हय?" आई म्हणाली.

"आले ते बरंच झालं," सत्यभामा आतून म्हणाली. "अहो, तेवढं दळण आणता का?"

खुंटीवर लाइनची बॅग होती. आत गहू होते. सोनाजीनं ती खांद्याला लावली आणि आल्या पावली आनंदानं गिरणीवर गेला.